हिरव्या चुड्यामागून

दृष्टिहीनांना काठी घेऊन एकट्यानं फिरायला शिकवणारे शिक्षक मी तयार करते, इथं मुळशीत. माझा स्वभाव तिखट आहे, हे माझे शिकाऊ तुम्हाला आनंदानं सांगतील. त्यांना मी एकच सांगते: शिकवून झालं की तोंड मिटा आणि मागं राहा.

मध्यंतरी माणची एक मुलगी शिकायला होती, नुकतंच लग्न झालेली. तिच्याकडे शिकवायला जवळच्याच चांदे गावच्या एक मावशी दिल्या होत्या. साखरेनं नजर गेलेली. सून कंपनीच्या कँटीनला कामाला, म्हणून मावशी दिवसभर ओट्यावर. त्यांची इच्छा एवढीच, की दळण घेऊन आपलं आपण गिरणीत जावं आणि चार बायकांत बसावं.

मी बघायला गेले, तर मावशी सगळी वळणं बिनचूक घेत थेट गिरणीत! मी खूश. मग कान टवकारले. पोरगी दोन पावलं पुढं, हातभर हिरवा चुडा. किणकिण जिकडं, मावशी तिकडं. काठी नुसती शोभेला!

"काढ त्या बांगड्या," मी कडाडले.

"मॅडम, भुंड्या हातानं गेले तर सासू घरात घ्यायची न्हाई."

राग आला आणि हसूही. नव्या नवरीचा चुडा मी कुठल्या तोंडानं उतरवायला लावू? शेवटी औषधाच्या दुकानातून पट्ट्या आणल्या आणि बांगड्यांसकट तिचे हात गुंडाळले. गावातले लोक विचारायला लागले, "आगं, दोन्ही हात मोडलं व्हय?"

मावशींना सांगून टाकलं, आज आम्ही मागं आणि मुक्या. त्या निघाल्या आणि पहिल्याच वळणाला चुकल्या. काठी भाताच्या बांधाला लागली.

"कुटं हायस गं?"

पोरीनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. मी तिचा दंड धरून ठेवला होता, पण खरं सांगते, माझंही एक पाऊल पुढं पडलंच होतं. मावशींनी आम्हाला दोन शेलक्या शिव्या हासडल्या. मग जागच्या जागी थांबल्या. गिरणीचा पट्टा फडफडत होता, तिकडं कान दिला. काठीनं डांबराची कड शोधली आणि कडेकडेनं चालू लागल्या.

गिरणीच्या दारात एका बाईनं त्यांचा हात धरला.

"सोड की! मी काय पळून चाललीय?"

दळण ठेवून मावशी बायकांत ऐसपैस बसल्या. पोरगी धावत गेली. "मावशी, उद्या कधी येऊ?"

"उद्या? उद्यापासनं येऊ नगं. माझी मी येईन," म्हणाल्या आणि सुनेच्या तक्रारी सांगायला वळल्या.

पोरीचा चेहरा पडला. "मॅडम, माझं काय चुकलं?"

मला तर तिला तिथंच मिठी मारावीशी वाटली.

"अगं वेडे," मी म्हटलं, "पास झालीस."