कुंपणाच्या आतले चार फूट

सुप्रभा देवस्थळीबरोबर बसने शर्ली भागातल्या बाजारात जायचं म्हणजे एखाद्या नामवंत नटीबरोबर जाण्यासारखं असतं. मी आयुष्य रंगभूमीवर काढलं, गावोगावी तोंडाला रंग लावून गायले, पण रस्त्यात मला कुणी इतकं थांबवलं नाही. तिला मात्र पन्नाशीचा, टक्कल पडलेला गोरा गृहस्थ अडवतो आणि म्हणतो, "सिस्टर, माझी आई अजून तुमची आठवण काढते." सुप्रभा चष्मा सारखा करून त्याला नखशिखांत न्याहाळते. "तू पायाळू होतास," ती म्हणते. "फार छळलंस तिला." साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात ती तीस वर्षं मिडवाइफ होती.

माझे यजमान गेल्यावर लेकीने मला इकडे आणलं. पहिल्याच आठवड्यात मी भलत्या गल्लीत शिरले. सगळी घरं एका साच्यातली, ओळखायचं कसं? एका दारातून हिंगाच्या फोडणीचा वास आला, म्हणून बेल वाजवली. "मराठी का?" दार उघडणाऱ्या बाईंनी विचारलं. "आत या, चहा टाकते." ती सुप्रभा. आठ दिवसांत 'या'चं 'ये' झालं.

तिचे पद्माकरराव तेव्हा होते. बंदरावर कंटेनरच्या ऑफिसात नोकरी झालेली, बोलणं मोजकं, सगळा जीव बागेत. दोन वर्षांनी ते गेले. मुलगा अजय लंडनला, स्टॅनमोरला असतो. त्याने अस्थी नाशिकला नेल्या, पण मूठभर रक्षा सुप्रभाने ठेवून घेतली आणि बागेच्या टोकाला, पद्माकररावांनीच लावलेल्या सफरचंदाच्या झाडाखाली पुरली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती तिथे जाते आणि त्यांना बातम्या देते. आज गुडघ्याने संप केलाय, अजयने पुन्हा गाडी बदलली, सुमनच्या पोह्यांत मीठ नव्हतं. सुमन म्हणजे मी.

गेल्या वर्षी शेजारची डोरीन वारली आणि तिचं घर विकलं गेलं. नवं जोडपं आलं, डॅनियल आणि मेगन. मेगन कार्डिफची, पोटुशी. नाटकात असतं तर हा डॅनियल सुप्रभाच्याच हातून जन्मलेला निघाला असता आणि मी टाळ्या घेतल्या असत्या. पण तो पडला पार उत्तरेकडच्या लीड्सचा.

एका शनिवारी तो कुंपणावरून म्हणाला, "सांगायला फार अवघड वाटतंय. बागेत आम्हाला कामासाठी एक खोली बांधायचीय. सर्व्हेअर म्हणतो, हे कुंपण चुकीच्या जागी आहे. आमची थोडी जागा तुमच्या बाजूला आलीय. ते सफरचंदाचं झाड... काढावं लागेल."

सुप्रभा "बरं" म्हणाली आणि आत आली. मी स्वयंपाकघरात होते. तिने गॅस लावला, त्यावर काही ठेवलं नाही आणि नुसती बघत राहिली.

"त्याला सांगितलंस का, झाडाखाली काय आहे ते?"

"नाही गं. आधी खरं काय ते कळू दे. झाड माझं असेल तर रडायचं कशाला? आणि नसेल तर रडून मागायचं कशाला?"

मग सुरू झाला आमचा शोध. लँड रजिस्ट्रीतून घराचा उतारा कॉम्प्युटरवर काही पौंडांत मिळाला. त्यासोबतच्या नकाशात तिच्या घराभोवती लाल रेघ होती. सुप्रभाने भिंग लावलं. "अगं, ही रेघच जमिनीवर हातभर रुंद होईल! झाड रेघेच्या आत की बाहेर, कसं कळणार?" तिथे छापलंच होतं की ही हद्द साधारण आहे. नेमकी हवी असेल तर जुनी कागदपत्रं बघा.

म्हणून आम्ही ट्रेनने विंचेस्टरला, काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात गेलो. पिशव्या लॉकरमध्ये, पेनला बंदी, फक्त पेन्सिल, आणि आधी हात धुवायचे. सुप्रभा खूश. "लेबर वॉर्डसारखं आहे गं. शिस्त आहे."

काउंटरवरच्या तरुण बाईंनी विचारलं, "काय शोधताय?"

"एक झाड," सुप्रभा म्हणाली. "आमच्याकडे सातबाऱ्यावर सगळं लिहितात. विहीर, आंब्याची झाडं, कोण कसतं ते. तुमच्याकडे कुठे लिहितात?"

त्या बाईंना हसू आलं, पण छान हसू. "झाडं आम्ही लिहीत नाही. लिहायला हवीत खरं तर." तरी त्यांनी चर्चच्या करासाठी काढलेला पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा नकाशा आणून मऊ उशीवर पसरला. सुप्रभाची अख्खी गल्ली त्यात गाईंचं कुरण होती. सुप्रभा कितीतरी वेळ त्या कुरणाकडे बघत राहिली. मग गल्ली वसवणाऱ्या बिल्डरचा आराखडा आला, आणि त्यात प्रत्येक बागेची रुंदी फुटांत लिहिलेली होती.

घरी येऊन आम्ही टेप लावला. एक टोक माझ्या हातात, एक तिच्या. बाग आराखड्यापेक्षा चार फूट जास्त भरली. झाड बरोबर त्या चार फुटांत.

सुप्रभा टेप गुंडाळत म्हणाली, "मला आठवलं सुमन. सत्त्याऐंशीचं वादळ."

त्या ऑक्टोबरात वादळाने अर्ध्या हॅम्पशरची झाडं झोपवली होती. मधलं कुंपणही पडलं. नवे खांब रोवायला पद्माकरराव पहार घेऊन उभे, तेवढ्यात डोरीन चप्पल फटफटवत आली. म्हणाली, "पॅडी, कुंपण इकडे माझ्या खताच्या ढिगापर्यंत घे ना. मला कुठे होतंय खणायला? तू काहीतरी लाव, मी खिडकीतून बघेन." सुप्रभा चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. पुढच्या महिन्यात त्यांनी सफरचंद लावलं.

अजयला फोन केला. तो इथेच जन्मलेला, त्याची मराठी गोड आणि वाकडी. "आई, मी सॉलिसिटरशी बोललो. तो झाड तुझा आहे! इतके वर्ष तू ती जागा वापरला, कुणी काही म्हटला नाही, तर लॉप्रमाणे claim करता येते. फक्त एक statement sign कर. की ती जागा तुम्ही स्वतःची म्हणून वापरली आणि डोरीनने कधी permission दिला नव्हता."

"पण दिली होती रे."

"आई! दिला असेल तर claim नाही. आणि कुणाला माहितीय? डोरीन नाही, बाबा नाही. Just sign कर ना, please."

फोन ठेवल्यावर मी तिच्यासमोर खुर्ची ओढली. "सुप्रभा, एकच वाक्य आहे. मी जन्मभर दुसऱ्याची वाक्यं बोलले. सीता नव्हते, सीता म्हणून रडले. चल, मी सॉलिसिटर. बाई, शेजारणीने तुम्हाला परवानगी दिली होती का?"

"नाही," ती म्हणाली.

"मान वर. आवाज पोटातून. पुन्हा. दिली होती का?"

तिने मान वर केली. तोंड उघडलं. मग ती खिडकीतून डोरीनच्या घराकडे बघायला लागली.

"माझ्या बाळंतपणात ती रोज सूप घेऊन यायची गं. नुसतं पांढरं पाणी, मिरपूडसुद्धा नाही. मी सगळं प्यायचे. तिने हसत हसत जागा दिली आणि मी आता लिहून देऊ, की दिलीच नाही? आम्ही घुसलो? झाड वाचवायला डोरीनला पुसून टाकू? आणि हे काय म्हणतील? त्यांच्या उशाशी खोटं पुरायचं?"

माझी नाटकी विद्या तिथे संपली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मेगनकडे गेलो. सुप्रभाने पांढरी साडी नको म्हणून मुद्दाम पोपटी नेसली होती. "त्या पोरीला वाटायला नको, मी सुतक घेऊन आलेय." आराखड्याची प्रत तिने टेबलावर ठेवली.

"तुमचा सर्व्हेअर बरोबर आहे," ती म्हणाली. "झाड तुमचं आहे. डोरीनने ती जागा आम्हाला प्रेमाने वापरायला दिली होती. तोंडी. तुम्ही खोली बांधा. फक्त झाड काढायच्या आदल्या दिवशी मला सांगा. माझ्या नवऱ्याची थोडी रक्षा त्याखाली आहे. मला येऊन बसायचंय."

डॅनियल खुर्चीत मागे टेकला. मेगनचा हात पोटावर गेला.

"सु, त्यांना सफरचंदं आवडायची?" तिने सुप्रभाला विचारलं.

"छे! आंबट म्हणायचे, तोंड वाकडं करायचे. मला आवडतात. माझ्यासाठी लावलं."

मेगन उठून सिंककडे गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली. डॅनियल म्हणाला, "खोली लहान करू. झाड राहू दे."

"मुळीच नाही! बाळ येणार, तुला नीट जागा नको का?"

"मला काय, एक टेबल पुरे."

"टेबलाला खुर्ची लागते. खुर्ची मागे सरकवायला जागा लागते. तू इतका उंच!"

"मिसेस देवस्थळी, माझं झाड आहे. आताच तुम्ही म्हणालात. मी काढणार नाही."

सुप्रभाने पदराने डोळे पुसले आणि त्याला खडसावलं, "निदान खिडकी तरी मोठी ठेव."

उन्हाळ्यात खोली झाली, लहानशी. सुतार आला आणि कुंपण आराखड्याप्रमाणे सरळ रेषेत घेतलं. झाड मेगनच्या बाजूला गेलं. शेवटची फळी लावायच्या वेळी मेगन कडेवर मुलगी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "इथे नको. इथून सु येते."

सुप्रभा आता रोज त्या फटीतून चहा घेऊन जाते. पण फटीशी आली की थांबते. मेगनने शंभरदा सांगितलंय, विचारू नका म्हणून. तरी ती विचारतेच, आणि ते चांगलं मोठ्याने, मी आलेली असले तर मला तिच्या स्वयंपाकघरात ऐकू येईल इतकं.

"मेगन, आत येऊ का गं?"

वरच्या खिडकीतून झोपाळू आवाज येतो, "या, सु, या."

तेवढं ऐकलं की मग ती पाय आत टाकते.