वचनाची भूक

वैशाखातल्या दुपारी पाणी शिंपडलेल्या वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी झळ क्षणभर सुगंधी होते आणि मग पुन्हा झळच उरते. झाशीच्या रेल्वे इस्पितळातल्या त्या लांब वॉर्डात वाळ्याच्या वासात भाजल्यावर लावायच्या मलमाचा एक गोडसर, नकोसा वास मिसळलेला असे. खिडकीबाहेर निंबाचा मोहर गळून मातीत मिसळत होता, लोको शेडकडून कोळशाच्या धुराची एखादी करडी लड वाऱ्यावर येऊन विरत होती, आणि डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या बांधलेले माझे यजमान भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. त्यांच्या उशाशी बसून मी पवित्र शास्त्र, बायबल, वाचत होते. म्हणजे माझे ओठ वाचत होते. मन कुठे होते, हे त्या वेळी मला कुणी विचारले असते तर सांगता आले नसते.

आम्ही मूळचे नगरकडचे. माझे वडील पाळक होते, त्यामुळे वचने मला बोलता येऊ लागल्यापासून पाठ. चूल फुंकताना, वेणी घालताना, तापात बरळताना ती माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडत, आणि हीच श्रद्धा, असे मी धरून चालले होते. ह्यांचे वेगळे होते. नाताळला नवा सदरा घालून ख्रिस्तमंदिरात यावे, हिंदी उपासनेत शेवटच्या बाकावर बसून डुलकी काढावी, आणि घरी आल्यावर मला म्हणावे, "माझ्या वाटणीचंही तूच वाचत जा, सुमती." मालगाडीच्या ड्रायव्हरला भट्टी आणि सिग्नल यांच्यापलीकडे बघायला सवड नसते, असे ते हसून सांगत. त्या हसण्यावर मी कधी रागावले नाही. उलट, घरातली भक्ती एकट्या माझ्या हाती आहे याचा मला एक मंद, सुखद अभिमान होता.

मग ते झाले. ललितपूरच्या अलीकडे, चढावर, इंजिनाच्या बॉयलरमधली एक नळी फुटली. कोळसा टाकण्यासाठी भट्टीचे दार उघडे होते. ज्वाळा आणि वाफ एकदमच बाहेर आली आणि दारासमोर उभा असलेला फायरमन रामसेवक तिथेच गेला. तो चिरगाँवचा, जेमतेम मिसरूड फुटलेला, मागच्याच वर्षी त्याची दुलहन गौना होऊन, म्हणजे माहेरून पाठवणी होऊन, घरी आलेली. हे बाजूला होते म्हणून वाचले. पण चेहरा आणि डोळे भाजले. चूक कुणाचीच नव्हती, असे चौकशीला आलेले साहेब म्हणाले, डॉक्टर म्हणाले, शेडमधले झाडून सारे म्हणाले. हे काहीच बोलले नाहीत.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी हे भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "मोठ्यानं वाच काहीतरी."

मला भरून आले. मी हिरव्या कुरणांचे आणि संथ पाण्याचे स्तोत्र काढले. दुःखितांच्या उशाशी माझे वडील नेहमी तेच वाचत. दोन ओळी झाल्या असतील, ह्यांनी हात वर केला.

"हे नको."

"मग कोणतं?"

"एक मेला आणि दुसरा वाचला, असं कुणाचं आहे का त्यात?"

शेकडो वचने मला येत होती, आणि या प्रश्नासमोर त्यांतले एकही पुढे येईना. शास्त्रात मी आजवर काही शोधलेच नव्हते. भरल्या पोटी ताटाशी बसावे तशी मी त्याच्याशी बसत आले होते, हे त्या भाजणाऱ्या दुपारी मला पहिल्यांदा कळले आणि त्याने मी घाबरले.

त्यानंतर घरी परतले की चहा ठेवण्याआधी मी पुस्तक उघडू लागले. दुसऱ्या दिवशी ह्यांच्यापाशी काय घेऊन जायचे, या एका गरजेने पानांमागून पाने चाळत होते, आणि लहानपणापासून पाठ असलेल्या ओळी मला अनोळखी माणसांसारख्या भेटत होत्या. काईनाने आपला भाऊ हाबेल याला मारले, त्या गोष्टीशी आले तेव्हा बोट एका ओळीवर थांबले. तुझा भाऊ कुठे आहे, हा देवाचा प्रश्न मी ह्यांना कसा ऐकवणार होते? दुसऱ्या दिवशी वाचताना तेवढे पान मी हलकेच उलटले.

"काहीतरी गाळलंस," हे म्हणाले. डोळे झाकलेल्या माणसाचे कान किती तीक्ष्ण होतात! "जे गाळलंस तेच वाच."

मी वाचले. ते संपल्यावर पट्टीच्या कडेने पाणी ओघळले की घाम, ते मला कळले नाही. मग ते म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्याला. चढ आला, स्टीम पडतेय, दो बेलचा और डाल, अजून दोन फावडी कोळसा टाक, म्हणालो. म्हणून तर दार उघडं होतं."

मी काही बोलणार तोच त्यांनी मान हलवली. त्यांना माझे सांत्वन नको होते, पुढचे पान हवे होते. आणि मी, जिला वाटत असे की आपण या माणसाला एक दिवस देवाकडे नेऊ, त्यांच्या त्या तहानेकडे बघत राहिले. मत्सर वाटला म्हणू? हो, थोडा मत्सरही वाटला. इतक्या कळवळून मी कधी काही मागितले नव्हते.

मंदिरातले पाळक एकदा भेटायला आले. भले गृहस्थ. पलंगाच्या कडेला बसून ते म्हणाले, "भाईसाहब, आपको बचाने में प्रभु का कोई मक़सद होगा."

"और उसे न बचाने में?" ह्यांनी विचारले.

पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. उत्तर नसल्याचे दुःख त्यांच्या स्वरात होते, म्हणून मला त्यांच्याविषयी आदरच वाटला.

महुआची, म्हणजे आपल्या मोहाची, फुले वेचून, वाळवून झाली असतील अशा सुमारास रामसेवकचे वडील चिरगाँवहून बसने आले. उंच, वाळलेले, खांद्यावर पंचा. पलंगापाशी उभे राहून त्यांनी ह्यांच्याकडे खूप वेळ पाहिले. मग विचारले, "डिरेवर साब, हमाए लरका ने कछू कई हती?" शेवटी तो काही बोलला का, एवढेच त्या बापाला हवे होते.

"नहीं, बाबूजी," हे म्हणाले. "वक़्त ही नहीं मिला." आणि थांबून, एकेक शब्द उचलून ठेवावा तसे, "कोयला डालने को मैंने कहा था."

म्हातारा स्टुलावर बसला आणि माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे हात करून म्हणाला, "का बाँच रईं, बहूजी?"

मी दावीद राजाचा विलाप वाचत होते. मराठी त्यांना कळणार नव्हती. माझ्या मोडक्या हिंदीत मी सांगितले: एक राजा होता, त्याचा तरुण मुलगा लढाईत मारला गेला, आणि तो वरच्या खोलीत चढून रडत म्हणत राहिला, तुझ्या जागी मी मेलो असतो तर! तो मुलगा बापावरच चालून गेला होता, हे मात्र मी सांगितले नाही.

"फिर का भओ?"

"लोगों ने कहा, उठिए, बाहर चलिए. तो राजा जाकर फाटक में बैठ गया."

"बैठ गओ?" म्हाताऱ्याने पंचाने तोंड पुसले. "बैठनेई परत." बसावंच लागतं.

ते उठले. ह्यांना क्षमा केली असे ते म्हणाले नाहीत, दोषही दिला नाही. दाराशी जाऊन वळले आणि ह्यांच्या पट्ट्यांकडे पाहून विचारले, "दिखहै?" दिसेल का, म्हणून.

एका डोळ्याने दिसू लागले. ड्रायव्हरकी गेली, शेडमध्ये बैठे काम मिळाले. संध्याकाळी खिडकीशी पुस्तक धरून हे आता स्वतः वाचतात, एकेका शब्दावर बोट ठेवून, मध्येच थांबून, कधी चिडून मिटून टाकतात आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडतात. त्यांना शांती मिळाली असे मी म्हणणार नाही. झोपेत अजून ते दचकतात. मलाही ती जुनी, सुखाची खात्री परत मिळालेली नाही. पण पुस्तक उघडायला हात आता सवयीने जात नाही, ओढीने जातो.

हिवाळ्यात हेच म्हणाले, "चिरगाँवला जाऊ. आणि पुस्तक घे."

हरभऱ्याची शेते कोवळ्या उन्हात ओली चमकत होती. रामसेवकच्या वडिलांनी अंगणात खाट टाकली, गूळ-पाणी दिले. ह्यांच्याशी ते पाण्याविषयी, पिकाविषयी बोलले. आत कुणीतरी भांडी घाशीत होते. मग म्हातारा मला म्हणाला, "बहूजी, ऊ राजा बारी बात फिर सुनाओ."

मी पुन्हा सांगू लागले. बोलता बोलता जाणवले की आतला राखेचा खरखराट थांबला आहे. गोष्ट संपली. आणि दाराआडून, पदराआडून, एक फार तरुण आवाज आला.

"ऊ लरका की दुलहन कौ का भओ? किताब में लिखो है?"

त्या राजपुत्राच्या बायकोचे काय झाले? मी हातातल्या पुस्तकाकडे पाहिले. राजाचा शोक होता, सेनापतीचा राग होता, निरोप घेऊन धावणारे जासूद होते. इतक्या वर्षांत तिचा विचार माझ्या मनाला शिवलादेखील नव्हता. ह्यांनीही मान वर केली. त्यांचा एक डोळा माझ्यावर लागला होता.

"लिखा नहीं है, बेटी," मी म्हणाले.

"काए नईं लिखो?"

मला उत्तर येत नव्हते, आणि येते असे दाखवायची इच्छाही आता उरली नव्हती. मी उठले, उंबऱ्यापाशी जाऊन तिच्या जवळ जमिनीवर बसले. तिचे हात कोपरापर्यंत राखेने माखलेले होते. "मैं ढूँढूँगी," मी म्हणाले, आणि तिथेच, तिच्यासमोर, पहिल्या पानापासून पुस्तक चाळू लागले.