ब्रेकबाईंचा आवाज

मोटार शिकवणाऱ्या माणसाला घट्ट काळीज आणि पायाखाली जादाचा ब्रेक एवढं असलं की झालं, असं लोक समजतात. ब्रेकबाईंकडे दोन्ही होतं, पण त्यांचं खरं काम चालायचं ते आवाजावर. शिकणाऱ्याचे तळहात घामाने चिकट झालेले असायचे, समोरून ट्रक येत असायचा, मागचा भोंगा वाजवून जीव नकोसा करत असायचा, आणि बाई म्हणायच्या, "काही होत नाही. क्लच दाबा. आता हळूच सोडा." जरासा घोगरा, खालच्या पट्टीतला, कधीही घाईला न येणारा आवाज. तो ऐकला की गाडीसकट माणूस शांत व्हायचा. अगदी सुरुवातीच्या दिवसांत एक मांजर आडवं आलं आणि बाईंनी ब्रेक असा दाबला की शिकणाऱ्याचं कपाळ काचेवर आपटलं. तेव्हा ब्रेकबाई हे नाव पडलं ते पडलंच. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी तो ब्रेक क्वचितच दाबला असेल, पण हे कोण लक्षात घेतो?

बाई नाकासमोर चालणाऱ्या. चौकात चिटपाखरू नसलं तरी लाल दिवा असेल तर त्या गाडी थांबवायला लावायच्या. "बाई, कुणीच नाहीये," शिकणारा कुरकुरायचा. "दिवा आहे ना," बाई म्हणायच्या, आणि दोघं रिकाम्या रस्त्याकडे बघत बसायचे. त्यांची माणसं परवान्याच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास होत. परीक्षेच्या आधी चांगली झोप काढा, इस्त्रीचे कपडे घाला, विचारलं त्याचं उत्तर खणखणीत द्या, हा त्यांचा ठरलेला धडा होता. नापास कसं व्हायचं हे त्यांनी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं.

त्यांच्या नवऱ्याची दृष्टी लग्नाच्या खूप आधी गेलेली. कुलपांच्या कारखान्यात ते हाताच्या अंदाजाने कुलपं जोडत, म्हणून सगळे त्यांना कुलूपराव म्हणत. त्यांच्या धाकट्या भावाला मोटार शिकायची होती, हे आपले सोबत म्हणून मागच्या सीटवर बसायचे. भाऊ शिकला, परवाना घेऊन गेला, कुलूपराव मागेच बसून राहिले. शेवटी बाईंनी विचारलं, "तुम्हाला नक्की काय शिकायचंय?" त्यावर ते म्हणाले, "काही नाही. तुम्ही बोलत राहा." बाईंनी बिनपरवान्याचा माणूस गाडीत घेतला, अशी थट्टा तेव्हा बरेच दिवस चालली होती. बायको गोरी की सावळी, नाक नकटं की सरळ, हे लोकांनी सांगितलं तेवढंच कुलूपरावांना ठाऊक. त्यांच्या लेखी बायको म्हणजे तो आवाज. रोज संध्याकाळी बाई त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, अपघाताच्या बातमीत ड्रायव्हरची चूक कुठे झाली हे स्वतःच्या पदरचं घालून.

वाचता वाचताच पहिल्यांदा जीभ अडखळली. मग रोज संध्याकाळी जड व्हायला लागली. बाईंनी गाडीत सूचना तोकड्या केल्या, लांब वाक्यं टाळली, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही असं धरून चालल्या. कुलूपरावांच्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं होतं. 

डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. आजार मज्जातंतूंचा होता आणि त्याला उपाय नव्हता. "आधी आवाज जाईल," ते म्हणाले. "कधी ते सांगता येत नाही, पण वर्ष धरून चालू नका." बाई खुर्चीच्या कडेला ताठ बसून ऐकत होत्या. मग डॉक्टरांनी एका यंत्राचं सांगितलं. मोठ्या फोनसारखं असतं, आपण अक्षरं दाबायची आणि ते बोलतं. त्यातली खरी गोष्ट पुढेच होती. आवाज शाबूत असेपर्यंत त्यातली ठरावीक वाक्यं त्याच्यासमोर वाचून ठेवली, तर पुढे ते आपल्याच आवाजात बोलतं.

"माझ्याच?" बाईंनी विचारलं.

"तुमच्याच. पण वाचताना आवाज स्पष्ट हवा. उशीर करू नका."

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. कुलूपराव म्हणाले, "तो घोगरेपणा पण येतो का त्यात?"

"येतो म्हणाले."

"मग घेऊन टाकू."

घेऊन टाकायला दुकानात गेले तेव्हा किंमत ऐकून बाईंनी ती पुन्हा एकदा विचारली. यंत्र परदेशातून यायचं आणि मूळ किमतीच्या वर कराचा भलामोठा बोजा होता. दुकानदार माणूस बरा होता. तो म्हणाला, "अपंगांच्या फोनला आणि साहित्याला कर माफ असतो. बाईंचा दाखला आणा, मी कराशिवाय देतो." कराशिवायची किंमत त्यांच्या साठवलेल्या पैशांत कशीबशी बसत होती, कर धरून बसत नव्हती. कुलूपरावांनी विचारलं, आत्ता साध्या फोनवर आवाज भरून ठेवला तर? दुकानदार म्हणाला, "त्याचा उपयोग नाही, काका. भरून ठेवलंय तेवढंच तो म्हणणार. हे यंत्र नवीन बोलतं, आणि त्याला वाक्यं त्याच्यातच वाचून द्यावी लागतात."

बाहेर फुटपाथवर कुलूपराव थांबले. त्यांच्या खिशात स्वतःचा दाखला होता, कित्येक वर्षं जुना, कडा झिजलेला. "माझ्या नावावर घे," ते म्हणाले. "मला पण माफी आहे. कधी वापरलीच नाही."

"स्वतःच्या वापरासाठी, असं लिहून द्यावं लागतं. खोटं लिहायचं?"

"लिहू. कोण बघायला येतंय?"

"आणि पुढे तुम्हाला वाचून दाखवणारा फोन घ्यावा लागेल, त्याचं काय? माफी कितीतरी वर्षांतून एकदाच मिळते. मी गप्प झाल्यावर पेपर कोण वाचणार तुम्हाला?"

पेपर गेला खड्ड्यात, असं कुलूपरावांना म्हणायचं होतं. पण बायको आपल्यासाठीच अडून बसली आहे हे कळत असताना ते तोंडातून निघेना. रस्ता ओलांडायला बाईंनी त्यांचा हात धरला आणि विषय तिथेच राहिला.

दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात तपासणी होती. एका टेबलामागे तीन डॉक्टर बसत आणि कुणाचं अपंगत्व किती, ते ठरवत. बाईंनी तारीख घेतली आणि तयारीला लागल्या. आता तयारी म्हटल्यावर त्यांना एकच प्रकार ठाऊक. आदले दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत, जिभेला विश्रांती दिली. कोमट पाणी पीत राहिल्या. सकाळी इस्त्रीचे कपडे घातले, आरशासमोर उभं राहून स्वतःचं नाव आणि पत्ता म्हणून पाहिला. कुलूपराव शेजारच्या खोलीतून ऐकत होते. कित्येक आठवड्यांनी तो आवाज पहिल्यासारखा लागला होता आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं की ही सगळी तयारी उलट्या दिशेने चालली आहे, हे त्यांच्याही डोक्यात आलं नाही.

टेबलामागच्या डॉक्टरांनी विचारलं, नाव काय, काम काय, त्रास कधीपासून. बाईंनी प्रत्येक उत्तर सुटं, स्वच्छ आणि खणखणीत दिलं. एक शब्द अडखळेल असं वाटलं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि तो नीट सांभाळून बाहेर काढला.

"छान बोलता की तुम्ही," मधले डॉक्टर म्हणाले.

बाईंना बरं वाटलं. त्या हसल्यासुद्धा.

निकाल तासाभराने खिडकीतून हातात पडला. वाणीदोष किरकोळ, सवलतीच्या मर्यादेत बसत नाही, चार महिन्यांनी पुन्हा यावं. बाईंनी तो बाकावर बसून नवऱ्याला वाचून दाखवला. त्यांची जीभ आता थकली होती आणि शेवटचा शब्द अर्धाच उमटला.

"अगं," कुलूपराव हळूच म्हणाले, "आपण नापास व्हायला आलो होतो."

बाईंना स्वतःचा असा राग आला की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. त्या तशाच उठल्या आणि खिडकीशी गेल्या. आत्ताच ऐका, आत्ता जमत नाहीये, असं त्यांनी कारकुनाला सांगितलं. त्याने ऐकलं. त्याला वाईटही वाटलं असावं, कारण त्याने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. पण तपासणी झाली होती आणि पुढची तारीख पुढेच होती.

त्या चार महिन्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बाईंनी मोटार शाळेच्या मालकाकडे उचल मागितली. त्याने चहा पाजला, तब्येतीची काळजी घ्या म्हणाला, आणि दुसऱ्या आठवड्यापासून गाडी एका तरुण शिक्षकाकडे दिली. कुलूपराव कारखान्यात विचारून आले, तिथून थोडं मिळालं. पण तेवढ्यात घरखर्चाने साठवणीत हात घातला होता, त्यामुळे होतं तिथेच राहिलं. मग एका रात्री जेवताना ते म्हणाले, उद्या मी माझा दाखला घेऊन दुकानात जातो, तुला विचारणार नाही. बाई रडल्या. नवऱ्याला रडणं ऐकू येऊ नये म्हणून त्या नळ सोडून भांडी घासायला बसल्या, आणि अर्थातच ते ऐकू आलं. सकाळी दाखला कुलूपरावांच्या खिशात नव्हता. बाईंनी काढून ठेवला होता. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आंधळ्या माणसाने स्वतःच्याच घरात झडती घ्यावी असं कुलूपरावांना वाटलं नाही. या एका गोष्टीचा राग पुढे ते कधी विसरले नाहीत.

आवाज रोज थोडा थोडा जात होता. आधी जोडाक्षरं गेली. मग वाक्याची शेपटं. पेपर मथळ्यांपुरता उरला, मग मथळेही कुलूपराव अंदाजाने पुरे करायला लागले. ते चुकीचं पुरं करायचे आणि बाई टेबलावर बोट आपटून नाही म्हणायच्या. एकदोनदा दोघं हसले.

दुसऱ्या तपासणीला बाईंनी कसलीच तयारी केली नाही. डॉक्टरांनी नाव विचारलं. बाईंनी सांगितलं, त्यांनी पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा सांगितलं, मग डॉक्टरांनी हातानेच पुरे म्हटलं. या खेपेला त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या. दाखला मिळाला, सही झाली, शिक्का पडला, आणि कर अगदी पै न् पै माफ झाला. सरकारने कुठे काही हातचं राखून ठेवलं असं कुणाला म्हणता आलं नसतं.

यंत्र घेऊन दुकानातली एक मुलगी दुपारी घरी आली. कुलूपराव कारखान्यात होते. तिने बाईंच्या तोंडासमोर छोटा माइक लावला, पडद्यावर पहिलं वाक्य आणलं आणि म्हणाली, "मावशी, आरामात वाचा." बाईंनी वाचलं. पडद्यावर लाल खूण उठली, आवाज अस्पष्ट. पुन्हा वाचलं, पुन्हा लाल. मुलीने माइक जवळ घेतला, खिडकी लावली, पंखा बंद केला. बाई दोन्ही हातांनी खुर्ची धरून वाचत होत्या. मानेच्या शिरा वर आल्या होत्या आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळ येत होती. मुलीने ती आपल्या रुमालाने टिपली. दहाव्या की बाराव्या लाल खुणेनंतर ती म्हणाली, "मावशी, याच्यात तयार आवाज असतात. आपण त्यातला एक घेऊ या का?"

बायकांचे तीन आवाज होते. मुलीने तिन्ही वाजवून दाखवले. तिन्ही गोड, तिन्ही नितळ, कुणालाच कधी सर्दी न झालेले. बाईंनी त्यातल्या त्यात खालच्या पट्टीतला निवडला. मुलगी गेल्यावर त्या बराच वेळ यंत्र मांडीवर घेऊन बसल्या. आपण वेळेत नवऱ्याचा दाखला वापरू दिला असता तर, हा विचार त्यांनी तोवर कधी पुरा केला नव्हता. आता तो पुरा झाला.

संध्याकाळी कुलूपराव आले, अंघोळ केली आणि बनियनवरच खाटेवर पाय पसरून बसले. यंत्र आज येणार हे त्यांना ठाऊक होतं. "आलं का?" त्यांनी विचारलं.

समोर खुर्चीत बसून बाईंनी एकेक अक्षर दाबलं.

"अहो, चहा ठेवू का?" यंत्र म्हणालं.

कुलूपरावांनी पाय जवळ घेतले. खिळ्यावरचा शर्ट चाचपून काढला आणि अंगात चढवला. घरात परकी बाई आली की ते नेहमी असंच सावरून बसत. ज्याला समोरचं दिसत नाही, त्याला आपण कसे दिसत असू याची काळजी जास्त. समोर कोण बसलंय हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांचे हात थांबले नाहीत, खालून वर एकेक बटण लावत गेले.

बाईंनी ते पाहिलं. एक अक्षर चुकीचं दाबलं गेलं, ते खोडून त्यांनी दोन शब्द पुन्हा लिहिले.

"मीच आहे," यंत्र म्हणालं, गोड आणि अगदी स्वच्छ.

"हो, माहीत आहे," कुलूपराव म्हणाले, आणि गळ्याजवळचं बटण लावलं.