बोकडाचे नवे टायर

आमच्या ह्यांना काहीही निवडायला वेळ लागत नाही. चपला घ्यायला गेले तर पहिला जोड पायात घालतात आणि तसेच दुकानाबाहेर पडतात. मलाही असंच निवडलं होतं. एकदा बघितलं आणि मान हलवली. आमची लेक यावरून आम्हा दोघांना अजून चिडवते. म्हणूनच त्या दिवशी टायरच्या दुकानात हे एका टायरपाशी थांबले, दुसऱ्यापाशी गेले आणि परत पहिल्यापाशी आले, तेव्हा मी सावध झाले.

हे दगडखाणीवर ड्रायव्हर. खाण डोंगराच्या माथ्यावर आहे. दगड लोखंडी दोरावरच्या पाळण्यांतून खाली येतो, पण माणसं, पाण्याची पिंपं, डिझेल आणि माझ्या कँटीनचं जेवण वर नेतो तो बोकड. बोकड म्हणजे गाडी. पुढे दोन सीट, मागे उघडा हौदा, चारही चाकांना इंजिनाचा जोर, आणि जिथे माणूस हात टेकून चढेल तिथे ही चार पायांवर चढते. बोकड हे नाव मजुरांनी ठेवलं आणि मग ह्यांचं नाव आपोआप बोकडवाले झालं. साहेबसुद्धा तसंच म्हणतात. लग्नात मला सांगितलेलं नाव आता फक्त पगाराच्या दिवशी कानावर पडतं.

वाटेत एक जागा आहे, ओला कातळ. बारा महिने त्यावरून पाणी झिरपतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. गाडी चालवायला लागल्यापासून ह्यांनी तिथला एक नियम केलाय: कातळावर गाडीत एकटा ड्रायव्हर. बाकी सगळ्यांनी खाली उतरायचं आणि डोंगराच्या बाजूने चालत वर जायचं. एकदा साहेब म्हणाले, "अहो, मी बसतो, मला भीती नाही." हे म्हणाले, "मला आहे." साहेब मुकाट्याने उतरले आणि बूट भिजवत चालले. हे नाकावर माशी बसू देत नाहीत, ते असे.

माझं कँटीन पायथ्याला. तिथून कातळ दिसत नाही, फक्त ऐकू येतो. आधी इंजिन कण्हायला लागतं, मग आवाज जड होतो, मग वळणाआड गेल्यावर एकदम बंद. आणि मग वरून एक लांब हॉर्न. पोचलो, एवढंच सांगणारा. तो हॉर्न येईपर्यंत माझा डाव डाळीत तसाच उभा असतो. लोक म्हणतात, वहिनींच्या डाळीला मधेच एक करपट वास येतो. तो येतो तो यामुळे.

दुकानात गेलो त्याच्या आदल्या आठवड्यात एकदा हॉर्न वेळेवर आला नाही. आला तो फार उशिरा, आणि लांब नव्हता, तुटका होता. मजूर खाली आल्यावर मला कळलं. कातळावर बोकड आडवा घसरला, मागचं एक चाक कडेच्या बाहेर लटकलं आणि एका दगडाला अडकून गाडी थांबली. चालत जाणाऱ्यांनी दोर टाकून ओढली.

"टायर गेलेत," हे घरी आल्यावर म्हणाले. बाकी ताकास तूर लागू देईनात.

साहेबांनी लगेच परवानगी दिली. तुम्ही म्हणाल ते टायर, बोकडवाले, तुमच्याइतकं कुणाला कळतं? पण बोकड माझ्या स्वयंपाकघराच्या मागे उभा असतो. भांडी घासायला गेले तेव्हा मी टायरच्या खाचांत बोट घालून बघितलं. बोटाचं टोक सहज आत गेलं. मी काही ड्रायव्हर नाही, पण गुळगुळीत तवा आणि खडबडीत तवा यातला फरक मला कळतो. ते टायर गेलेले नव्हते. आणि आमचे हे उभ्या आयुष्यात कधी गाडीला दोष देणारे नव्हेत. गाडी बिचारी काय करणार, चूक चालवणाऱ्याची असते, हे त्यांचं नेहमीचं. मग यावेळी टायरांवर का ढकललं?

अलीकडे हे चहाचा ग्लास डाव्या हातात धरायला लागले होते. शर्टाच्या गुंड्या लावायला वेळ घ्यायचे. एकदा ताट हातातून पडलं तर माझ्यावरच ओरडले, काठाला तेल ठेवतेस म्हणून. मी भांडले. मला वाटलं, वय झालं, चिडचिड वाढली.

दुकानात मी मुद्दाम बरोबर गेले. काय घ्यायचंय विचारलं तर म्हणाले, "तुझं काय काम तिथे?" मी म्हटलं, "माझी डाळ करपते त्या टायरांपायी. मी येणार."

टायरवाला ओळखीचा. त्याने दोन जोड मांडले होते. एक रुंद, रबराच्या मोठ्या मोठ्या ठोकळ्यांचा, चिखल फेकणारा. आजवर हे नेहमी हेच घेत. दुसरा थोडा अरुंद, बारीक खाचांचा, मऊ रबराचा.

"ओल्या दगडावर हा मऊ चांगला चिकटतो," टायरवाला म्हणाला. "पण लवकर झिजणार, हे आधीच सांगतो. आणि तुमच्या खाणीतल्या धारदार दगडाला बाजू जाड हवी. या मऊच्याच बाजूला थर जास्त आहेत, बघा दाबून."

हे टायर अंगठ्याने दाबून बघतात. रबर कसं आहे ते नखाला कळतं म्हणतात. नेहमी उजव्या हाताने. त्या दिवशी त्यांनी डावा हात पुढे केला, मग माझ्याकडे नजर गेली, आणि घाईने उजवा पुढे केला. अंगठा रबरावर ठेवला. दाबला.

"कडक आहे," हे म्हणाले.

टायरवाला हसला. "बोकडवाले, तोच तर मऊ!"

हे हसले नाहीत. त्यांनी पुन्हा दाबला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. गर्दीत खिसा चाचपताना पाकीट हाताला लागलं नाही की माणसाचा चेहरा होतो, तसा झाला होता. मला तिथेच कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते. अंगठ्याला काही लागतच नव्हतं.

"पाणी पिऊन येतो," म्हणून हे बाहेर गेले. मी मागोमाग.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"अहो, मला शेंडी लावू नका. हाताला कळत नाही ना?"

हे दुकानाबाहेरच्या जुन्या टायरांच्या ढिगाकडे बघत राहिले. "मुंग्या येतात. मग बधिर होतो. स्टिअरिंगचे धक्के खाऊन खाऊन. बधिरपणा येतो आणि जातो."

"कातळावर आला होता?"

हे ढिगातला एक टायर पायाने सरळ करायला लागले.

"आला होता का?"

"हो."

इतकी वर्षं मी टायर, ब्रेक, पाणी, शेवाळ सगळ्यांना घाबरले होते. ज्या हातावर भरवसा ठेवून घाबरत होते, तो हातच निघून गेला होता आणि हे रोज सकाळी त्याच हाताने डबा उचलून जात होते.

"मी साहेबांना सांगणार," मी म्हटलं.

"सांग."

"खरंच सांगेन."

"अगं, सांग म्हणतोय ना! मग काय करशील? वर पाणी कोण नेईल? तुझा साहेब?" आवाज चढला तसे दुकानातले दोघे वळून बघायला लागले. हे खालच्या आवाजात म्हणाले, "मला टायर बघू दे आधी."

आत जाऊन ते परत त्या दोन जोडांसमोर उभे राहिले. रुंद टायरवर हात ठेवला, काढला. मग अरुंद, मऊ टायर उभा करून डाव्या हाताने इकडून तिकडे वळवून बघितला, पुन्हा पुन्हा, स्टिअरिंग फिरवावं तसा.

"हा वळवायला हलका असतो ना?"

"एकदम. रुंदाइतका हाताला ओढत नाही."

"आणि दगडावर आपटला की धक्का?"

"कमी. पण तुम्हाला हो कशाला पाहिजे हलका? तुमचे हात म्हणजे..."

"हाच बसव," हे म्हणाले. "चारही. हाताला हलका पाहिजे."

मी त्या क्षणी नवऱ्याचा मनापासून राग राग केला. हाताला हलका! म्हणजे बधिर हाताने गाडी ओढता यावी, कुणाला कळू नये आणि आपलं बोकडवालेपण चालू राहावं, यासाठी टायर. परत येताना मी तोंड फिरवून बसले. घरी लेकीने विचारलं, "काय गं आई, टायर आवडले नाहीत का?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांना आवडले, बास झालं."

आमची लेक खाणीच्या पायथ्याशी वजनकाट्यावर काम करते. उंचीने माझ्या खांद्याला, म्हणून हे तिला बुटके म्हणतात. सपाटीवर बोकड चालवते, पिंपं भरून आणते, मागे घेते तेही झोकात. कातळावर चालवू द्या म्हणून तिने कितीदा हट्ट केला. "सपाटीवर कुणीही चालवतं," एवढं बोलून हे विषय संपवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या टायरांची पहिली फेरी. मी रात्रीच ठरवलं होतं. कातळापाशी गेल्यावर गाडीसमोर आडवी उभी राहीन, मग बघू हे काय करतात. "मी येतेय वरची भांडी मोजायला," असं काहीतरी बोलून हौद्यात चढले. लेकीला मात्र ह्यांनीच बोलावलं होतं. वजनकाट्यावरून सुट्टी मागून घेतली होती म्हणे. ती पुढे बाजूला बसली, हे स्टिअरिंगवर. वाटेत त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवर नुसता ठेवलेला दिसत होता. वळवत होता तो डावा.

कातळाखाली गाडी थांबली. नियमाप्रमाणे मी उतरले, लेक उतरली. हेही उतरले, कारण कातळावर चढायच्या आधी टायरमधली थोडी हवा सोडावी लागते, म्हणजे रबर पसरून दगडाला धरतं. हे काम त्यांनी आजवर कुणाला करू दिलं नव्हतं. मोजायचं यंत्र वापरत नाहीत. वॉल्वमध्ये काडी खुपसायची, फुस्स ऐकत राहायचं आणि अंगठ्याने टायरची बाजू दाबून ठरवायचं.

ह्यांनी काडी खुपसली. हवा फुसफुसायला लागली. अंगठा पुढे गेला आणि मधेच थांबला.

"बुटके, ये इकडे. दाब."

"मी?"

"दाब म्हणतो ना. कसं लागतं?"

"अजून ताठ आहे."

"मग सोड अजून. तुझ्या हाताला पटेपर्यंत सोड."

ती एकेका चाकापाशी बसली. हे तिच्यामागे वाकून उभे. चारही झाली. मग हे ड्रायव्हरच्या बाजूला गेले, सीटखालची दांडी ओढली आणि सीट पुढे सरकवली. पार पुढे. इतकी पुढे की ह्यांचे गुडघे तिथे मावलेच नसते.

मी त्या सीटकडे बघत राहिले. हाताला हलका पाहिजे. कोणाच्या हाताला ते मी विचारलंच नव्हतं. रात्रभर मनातल्या मनात ज्या माणसाला शिव्या घातल्या होत्या त्याने दुकानात उभं राहून या पोरीची मनगटं डोळ्यांसमोर आणून टायर वळवून बघितला होता. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"बस," हे तिला म्हणाले.

लेक बसली. चेहरा पांढरा पडला होता. "बाबा, तुम्ही बाजूला बसा ना. मला सांगायला."

हे बाजूच्या सीटच्या दांड्याला धरून उभे होते. एक पाय वर ठेवलाही होता. तो त्यांनी खाली घेतला.

"कातळावर गाडीत एकटा ड्रायव्हर," हे म्हणाले. मग दोन पावलं मागे सरून म्हणाले, "डोंगराच्या बाजूने ठेव. ब्रेकवर पाय ठेवू नकोस, घाबरलीस तरी. घसरली तर घसरू दे थोडी, धरेल ती. वर गेलीस की हॉर्न."

इंजिन कण्हायला लागलं. बोकड कातळावर चढला. पाणी टायरखालून बाजूला सरकत होतं, मऊ रबर दगडाला धरून हळूहळू पुढे जात होतं. मधे एकदा मागचा भाग कडेकडे गेला. मी ह्यांचा हात घट्ट धरला. उजवा होता, त्यांना कळलंच नाही. मग मी दुसऱ्या बाजूला जाऊन डावा धरला, तेव्हा त्यांनी माझी बोटं इतकी आवळली की अंगठी रुतली. मागचा भाग परत डोंगराकडे आला. गाडी वळणाआड गेली. आवाज जड झाला, आणि बंद.

हॉर्न आला नाही.

"पोचली असेल ना?" हे म्हणाले.

"पोचली असेल."

"मग हॉर्न का देत नाही?"

"येईल."

"इंजिन का बंद झालं? मधेच बंद पडली तर? वर जाऊन बघतो मी."

"थांबा. तुम्हीही वेळ लावायचात. आधी पिंपं उतरवायचात, गप्पा मारायचात, मग आठवायचा हॉर्न."

हे माझ्याकडे बघायला लागले. कपाळावर घाम होता. "रोज?"

"रोज."

आणि तेवढ्यात वरून हॉर्न आला. लांब, चांगला लांब, पोरीने हात काढलाच नाही बराच वेळ.

हे तिथेच ओल्या दगडावर बसले आणि डाव्या हाताने तोंड झाकून हमसून हमसून रडले. मी रडले नाही. मला इतक्या वर्षांची सवय होती.