शीला सिस्टरांचं स्टूल

शीला सिस्टर निवृत्त होऊन आता पालेगावला राहतात. उल्हासनगरच्या आमच्या सरकारी दवाखान्यात त्या कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली शिकले. आजही दारू प्यायलेलं एखादं कोवळं पोर आलं की मला त्या आठवतात.

असं पोर आलं की आम्ही सगळे त्याच्यावर तोंडसुख घ्यायचो. सिस्टर मात्र पोर शुद्धीवर आलं की स्टूल ओढून त्याच्याजवळ बसायच्या आणि घरच्यांना चहाला पाठवायच्या.

एका होळीच्या दुपारी रिक्षावाल्यानं पदूला आणलं. दहावीतला पोरगा, सोबतचे मित्र गेटवरूनच पळालेले. आम्ही शुगर तपासली, कुशीवर वळवून सलाईन लावलं. त्याचे वडील बुधाजी बारवी धरणाकडच्या पाड्यावरचे, बदलापूरच्या खरवईत एका नव्या बिल्डिंगचे वॉचमन. ते धावत आले आणि त्यांनी थेट हातच उगारला. सिस्टरांनी त्यांना समजावून बाहेर नेलं.

पदू शुद्धीवर आल्यावर त्या त्याच्याजवळ बसल्या. पाड्यावरचं विचारत राहिल्या, ओढ्यात मासे कसे धरता, भात कधी झोडता. पोरगा खुलला. तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "प्यायल्यावर काय बरं वाटतं रे तुला?"

तो म्हणाला, "पाड्यावं समदी मना नावानं हाक मारायची. हितं बिल्डिंगवाले 'ए वॉचमनचा' बोलतात. ती पोरं पदू म्हणतात, पन पिलो तरच."

सिस्टरांनी उपदेश केला नाही. आज जीव जाऊ शकला असता, एवढं मात्र स्पष्ट सांगितलं. "सोडून बघ. नाही जमलं तर लपवू नकोस, मला येऊन सांग," म्हणाल्या. बुधाजींना त्यांनी एवढंच सांगितलं, की सुट्टीला पोराला गावी नेत जा.

पुढे पदू खरंच आला. गणपतीत पुन्हा प्यायलो, असं मान खाली घालून म्हणाला. सिस्टर रागावल्या नाहीत, पुन्हा बोलत बसल्या. त्यानंतर त्यानं ती संगत सोडली. सुट्टीला पाड्यावर कबड्डी खेळायला जायला लागला. आता बदलापुरात वायरमनचं काम करतो.

मी एकदा सिस्टरांना विचारलं होतं, एवढा धीर कुठून आणता? त्यांनी वडिलांचं सांगितलं. भीमराव अंबरनाथला काडेपेटीच्या कंपनीत होते. शिवमंदिराजवळच्या चाळीत सगळी वस्ती त्यांच्या पिण्याला हसायची, आईही भांडून थकली होती.

"भांडण सगळ्यांनी केलं गं," त्या म्हणाल्या, "का पिता ते मात्र कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

परवा मी पालेगावला गेले होते. त्यांनी आधी कॅज्युअल्टीतल्या सगळ्यांची नावं घेऊन चौकशी केली. मग म्हणाल्या, घरी करमत नाही, पिऊन येणाऱ्या त्या पोरांशी बोलायची सवय लागली होती.