मूड पिराथे

आमच्या कोपऱ्यावरचा महापालिकेचा दवाखाना हल्ली संध्याकाळीही उघडा असतो. शेजारच्या बांधकामांवर छत्तीसगडहून आलेली माणसं राबतात. सकाळी दवाखान्यात बसलं तर त्यांचा खाडा पडतो, म्हणून ही सोय. बीपीच्या गोळ्या घ्यायला मीही आता त्याच वेळी जाते.

पहिल्या-पहिल्यांदा एक बाई आली होती, केसांत सिमेंटची भुकटी. "मूड पिराथे," म्हणाली. सिस्टर हसल्या, "अगं, मूड तर माझाही गेलाय!" बाई नुसतीच कपाळ दाबत उभी राहिली, तेव्हा उलगडा झाला. तिच्या बोलीत मूड म्हणजे डोकं. डोकं दुखत होतं बिचारीचं.

काल गेले, तर त्याच सिस्टर एकेकीला विचारत होत्या, "काय गं, मूड पिराथे का?" आणि बायका भडाभडा बोलत होत्या. गाव सोडताना माणूस भांडी आणतो, अंथरूण आणतो, आणि दुखण्याचे शब्दही त्याच गाठोड्यातून येतात. ते ऐकणारा कान मात्र शहराला यावा लागतो. आमच्या शहराला तो आला! रंग उडालेल्या त्या दवाखान्याचा मला गावदेवीच्या देवळाइतका अभिमान वाटला.

बाक भरलेला होता, म्हणून मी दारातच घुटमळले. ती सिमेंटवाली बाई सरकली, पदरानं जागा झटकली आणि म्हणाली, "बइठ दाई." दाई म्हणजे तिच्या बोलीत आई.

जन्म या गल्लीत गेला माझा. पण त्या घडीला पाहुणी मी होते, आणि घरची ती.