निनावी इसमाचा दस्त

माझी बोटं संधिवातानं वाकडी झाली त्याला सहा वर्षं झाली, आणि बाबांचा खुबा मोडला त्याला दोन. तेव्हापासून राजाजीनगरच्या या तळमजल्यावर आम्हा दोघांचं मिळून एक धड माणूस राहतं. मला चालता येतं, पण बरणीचं झाकण उघडत नाही. बाबांच्या हातांत ब्याऐंशीव्या वर्षीही ताकद आहे, पण वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही. गॅसचा लायटर माझ्यानं दाबला जात नाही. म्हणून चहाच्या वेळी पाणी, साखर, पावडर सगळं मी मांडायचं, मग वॉकर खडखडवत बाबा येणार, लायटर एकदा खटकन दाबणार आणि खडखडवत परत जाणार. शिवाय अक्कांना, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या घरमालकिणींना, ऐटीत सांगणार, "चहा मीच करतो हं."

अशा घरात मी लेखिका आहे. म्हणजे होते. चार वर्षांत एक कथा झाली नव्हती. फोनला बोलून दाखवलं की तो लिहितो, हे मला डॉक्टरांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. लिहितो ना! पण त्यानं लिहिलेलं दुरुस्त करायला बोट लागतं, आणि बोट धड असतं तर मी त्या फोनच्या पाया कशाला पडले असते?

ऑगस्टमध्ये पुण्याहून एका दिवाळी अंकाच्या संपादक बाईंचा फोन आला. "ताई, तुमच्यासाठी आठ पानं ठेवलीत. शुक्रवारपर्यंत कथा द्या, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी देते." गोड आवाजात म्हणाल्या, पण मला घाम फुटला. या दिवाळीत नाव छापून आलं नाही तर मी संपले असं लोक म्हणणार होते. लोकांचं मरू दे, मीच म्हणणार होते.

त्याच आठवड्यात, महिनाभरात पहिल्यांदाच, एक वाक्य सुचलं होतं. ते तोंडात घोळवत खोलीत फेऱ्या मारत होते, तेवढ्यात बाबांनी चमच्यानं पेला वाजवला. त्यांची घंटी. धावत गेले. "काय झालं?"

"आज मंगळवार का गं?"

"बुधवार!" असं ओरडले की वरून अक्का "एनायतु?" असं कानडीत काय झालं ते विचारत जिन्यात आल्या. परत खोलीत गेले तर वाक्य गायब. त्या रागात मला अख्खी कथा सुचली. एक लेखिका आपल्या म्हाताऱ्या बापाला कनकपुरा रस्त्याकडच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवते आणि घरी येऊन शांतपणे लिहायला बसते. बस्स. मला फार बरं वाटलं.

आता लिहिणार कोण? घरात धड हात बाबांचेच. आणि बाबा म्हणजे काय साधे लेखनिक? चाळीस वर्षं गडहिंग्लजला रजिस्ट्रार कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेले दस्तलेखक. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, म्हणाल ते. मी विचारल्याबरोबर त्यांनी ट्रंकेतून दस्ताचा जाड हिरवा लेजर कागद, दोरा आणि शाईचा पॅड काढला. "सांग," म्हणाले.

"म्हातारा खिडकीत बसला होता."

पेन हललं नाही. "म्हातारा म्हणजे कोण? पूर्ण नाव, वय, धंदा?"

"नाव नाही, बाबा. नुसता म्हातारा."

"निनावी इसमाचा दस्त होत नाही."

"कथा आहे हो ही!"

"बरं. खिडकी कुठल्या दिशेला?"

पहिल्या दिवशी अडीच पानं झाली, तीही भांडून. ओळ अर्धी राहिली की उरलेल्या जागेत ते रेघ ओढत, मागाहून कुणी मजकूर घुसडू नये म्हणून. माझ्या कथेत कोण काय घुसडणार होतं देव जाणे. खाडाखोड झाली की शेजारी माझी सही पाहिजे. "सही करता आली असती तर तुम्हाला कशाला बसवलं असतं?" म्हटलं. "मग अंगठा," म्हणाले आणि पॅड पुढे सरकवला. नमुना म्हणून मी पानांचे फोटो पुण्याला पाठवले, तर बाईंचा घाबराघुबरा फोन. "ताई, समासात हे ठसे कसले? घरी सगळं ठीक आहे ना?"

दुसऱ्या दिवशी लेखिका बापाची बॅग भरते तिथे आलो, आणि काय आश्चर्य, बाबांनी हुज्जत घालणं सोडलं. वय नाही, धंदा नाही, दिशा नाही. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. बापाचा चष्मा बॅगेत टाकला, लिहिलं. टॅक्सी आली, लिहिलं. मी हरखून गेले. म्हटलं, चला, बाबांना कथा कशाशी खातात ते कळलं एकदाचं. माझ्यासारखी मठ्ठ बाई शोधून सापडायची नाही. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"मुलगी भेटायला कधी येते?"

"येत नाही," मी म्हटलं.

"येत नाही," असं म्हणत त्यांनी लिहिलं आणि उरलेल्या ओळीत रेघ ओढली.

शुक्रवारी सकाळी मी रक्त तपासायला गेले होते. परत आले तर बाबांनी सगळी पानं लावून, दोऱ्यानं शिवून ठेवलेली. आता फोटो काढून पाठवायचे तेवढेच राहिले होते. एकेक पान उलटत फोटो काढत गेले. शेवटचं पान उलटलं आणि तो मजकूर काही माझा नव्हता.

"लिहून देणार," आणि बाबांचं पूर्ण नाव. "वय वर्षे ब्याऐंशी, धंदा पूर्वी होता. लिहून घेणार, मुलगी. कारणे संमतिपत्र लिहून देतो ऐसा जे की, माझी मुलगी हातांनी अधू असून तीस लेखनाचे काम आहे. सदर कामात माझ्यामुळे वारंवार खोळंबा होतो. सबब तिने मला योग्य त्या ठिकाणी ठेवण्यास माझी हरकत नाही. खोलीस खिडकी असावी, दिशा कोणतीही चालेल. भेटीस येण्याचे तिच्यावर बंधन नाही. हे संमतिपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता लिहून दिले असे." खाली सही. त्याखाली दोन साक्षीदार. एक सही अक्कांची, कानडीत. दुसरी पाण्याचा कॅन आणणाऱ्या अण्णाची. दोघांनाही मराठीचं अक्षर वाचता येत नाही. बाबांनी "स्वल्प सही माडी" म्हणत कानडीत जरा सही मागितली असणार आणि त्यांनी केली असणार.

बाबा खुर्चीत पेपर वाचायचं सोंग करत बसले होते.

"हे काय आहे?"

"दस्त."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"तूच की. दोन दिवस सांगत होतीस."

"बाबा, ती गोष्ट आहे!"

"असेना. मजकूर तुझाच ना?"

खोटं बोलायचं तोंडापर्यंत आलं होतं. पण चाळीस वर्षं लोकांच्या खोट्यावर पोट भरलेला माणूस, त्याच्यापुढे काय टिकणार? "हो," म्हटलं. "आलं होतं मनात. तुम्ही मंगळवार विचारलात तेव्हा. खरंच वाटलं होतं की तुम्ही नसता तर बरं झालं असतं. पंधरा मिनिटं वाटलं. मग चहा हवासा झाला, आणि लायटर दाबायला तुम्हालाच हाक मारली."

"पंधरा मिनिटं?"

"वीस असतील."

"मग ठीक आहे," म्हणाले. "माझ्या मनात तुझ्याबद्दल दिवस दिवस असायचं, घरातली कार्टी बारावीला होती तेव्हा."

"कार्टी मीच होते, बाबा."

"तेच म्हणतोय."

मला हसू आलं आणि रडू पण आलं, दोन्ही एकदम, शेंबडासकट. पान दोऱ्यातून ओढून काढलं आणि फाडायला गेले. लेजर कागद कसला चिवट! बोटांत पकड धरेना. बाबा बघत होते. रद्द करायचा तर रीतसर रद्दपत्र लागेल, साक्षीदारांना कळवावं लागेल, असं काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी माझ्या वाकड्या मुठींवर आपले हात ठेवले, घट्ट दाबले, आणि ओढले. कागद उभा फाटला. माझी बोटं ठणकली.

"तुझ्या गोष्टीतल्या त्या मुलीला महिन्यातून एकदा तरी पाठव की," ते थोड्या वेळानं म्हणाले.

"गोष्ट बिघडेल, बाबा."

त्यांनी विचार केला. दस्त म्हटल्यावर बिघडवायचा नाही, हे त्यांना पटण्यासारखं होतं. "मग राहू दे. पण त्या म्हाताऱ्याला ते कळू देऊ नकोस. त्याला वाटू दे, येईल म्हणून."

मी नवीन कागद त्यांच्यापुढे सरकवला. "लिहा," म्हटलं. "दर रविवारी तो सकाळीच दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तयार बसतो."

बाबांनी ते अगदी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. उरलेली ओळ मात्र मोकळी सोडली.